लेफ्ट म्हणजे डावं ना, टीचर?

पीएचडी कशाला करतेस असं कोणी विचारलं की मी माणूस बघून उत्तर देते. शाळेत सांगते प्रमोशनला बरं पडतं, सासूबाईंना सांगते पगार वाढेल, आणि अ‍ॅडमिशनच्या इंटरव्ह्यूत जे सांगितलं ते इतकं घोकलेलं इंग्रजी होतं की त्यातलं आता एक वाक्य आठवत नाही. खरं कारण पाचवीच्या एका गणितात आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलात शिकवते. गोव्याबाहेरच्यांना हे लवकर कळत नाही म्हणून सांगते, आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा जवळजवळ सगळ्या मराठी नाहीतर कोंकणी. चौथी झाली की मूल पाचवीला हायस्कूलात येतं आणि बहुतेक हायस्कुलं इंग्लिश मिडियम. म्हणजे चौथीपर्यंत इंग्रजी हा एक विषय असतो आणि मे महिन्याची सुट्टी संपली की सगळेच विषय इंग्रजी. पाऊस सुरू होतो, नवी छत्री येते, आणि मूल दोन महिने गप्प बसतं. आम्ही त्याला ‘सेट व्हायला वेळ लागतो’ म्हणतो.

तर उसगावच्या पलीकडून बसने येणारा एक मुलगा होता, गावडा समाजातला, घरातला पहिलाच हायस्कूलात आलेला. युनिट टेस्टला गणित होतं, रवीकडे २४ आंबे होते, त्याने ९ वाटले, हाऊ मेनी आर लेफ्ट. पोराने जागा कोरी सोडली. बाकीची हिशेबाची गणितं सगळी बरोबर आणि हेच कोरं. मी पेपर देताना विचारलं काय रे हे, तर म्हणाला, ‘टीचर, डावीकडे किती ते कसं कळणार, चित्रच नाही.’ मला पहिल्यांदा झेपलंच नाही. मग म्हणाला, ‘लेफ्ट म्हणजे डावं ना?’ अर्धा वर्ग हसला, म्हणजे जे बालवाडीपासून इंग्रजीत आहेत ते हसले, बाकीच्यांनाही डावंच वाटलेलं असणार, ते खाली बघत होते. मी कोंकणीतून तेच गणित, किती उरले असं, सांगितलं तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्याने ‘पंदरा’ म्हणून सांगून टाकलं.

स्टाफरूममध्ये हा किस्सा मी हसत हसत सांगितला, आणि एकजण म्हणाले, ‘ह्यांच्या घरात वातावरणच नसतं हो.’ मी पण मान डोलावली. हे लिहिताना बरं वाटत नाहीये पण डोलावली.

पुढे दोनेक वर्षं ते डोक्यात राहिलं. सेट, म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रतेची परीक्षा, माझी तिसऱ्या अटेम्प्टला निघाली (महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सेट असते, पुणे विद्यापीठ घेतं), त्यामुळे एंट्रन्स वाचली, सरळ इंटरव्ह्यू. नोकरी करून पार्ट टाइम करायचं म्हणजे आधी नोकरीच्या ठिकाणाहून एनओसी लागते. ती चार महिने फिरत होती. ज्या टेबलावर फाईल होती तो माणूस रजेवर, आला तर म्हणे फॉरमॅट जुना आहे, नवा फॉरमॅट कुठे मिळतो ते त्यालाही ठाऊक नाही. त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी ज्यांनी एनओसी काढलीय त्यांना सगळं माहीत आहे.

पहिल्यांदा मी जो प्रपोजल नेला त्याचं नाव होतं ‘गोव्यातील शिक्षण आणि सामाजिक विषमता’. आता हसू येतं. पॅनेलमधल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, ‘ह्यात तुम्ही नेमकं काय बघणार? की सगळा गोवा बघणार?’ मी मराठीत विचार करून, मनात इंग्रजी करून, ग्रामर तपासून उत्तर देईपर्यंत ते पुढच्या प्रश्नावर गेलेले. बाहेर आल्यावर सगळी उत्तरं सुचली, एकदम फ्लुएंट. त्या वर्षी झालं नाही. पुढच्या वर्षी ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, परत गेले तेव्हा ‘लेफ्ट’चं गणितच सांगितलं. टायटल नंतर सात वेळा बदललं, पण बदलत बदलत तिथेच राहिलं, चौथीतून पाचवीत जाताना भाषा बदलते तेव्हा पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांचं आणि त्यांच्या घरच्यांचं काय होतं.

कोर्सवर्क मला आवडलं. कमीत कमी १२ क्रेडिट लागतात, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी आणि पब्लिकेशन एथिक्स असतंच. शनिवारी फोंड्याहून पणजी, पणजीहून दुसरी बस, डब्यात चपाती-भाजी, आणि वर्गात माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरं. एकदा मला सांस्कृतिक भांडवलावर सेमिनार द्यायचा होता. रात्र रात्र वाचून गेले आणि उभी राहून पहिल्याच वाक्यात त्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं नाव ‘बोर्डियू’ असं घेतलं. मागून एक आवाज आला, ‘बूर्दिय, मॅम.’ मुलगी चांगली होती, टोमणा नव्हता तो. पण पुढचे दहा मिनिटं मी ते नावच टाळत होते, ‘हे विचारवंत असं म्हणतात’ करत. आता गंमत बघा, त्या माणसाचं म्हणणं काय, तर घरातून काही मुलांना बोलण्याची ढब, वागण्याची रीत, पुस्तकांची सवय आयतीच मिळते, शाळा नेमकी तीच मागते, आणि ज्याच्याकडे ती असते त्याला हुशार म्हणते. तो स्वतः फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या खेड्यातला, बाप पोस्टात कामाला, घरात बेआर्नची बोली. त्याचं नाव चुकलं म्हणून मी घामाघूम. बसमध्ये बाणस्तारीच्या पुलावर आल्यावर मला एकटीलाच हसायला आलं, बाजूच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली.

फ्रान्सपर्यंत जायची गरज नव्हती हे नंतर कळलं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, हंटर कमिशनपुढे, जे निवेदन दिलं त्यात मुद्दा तोच, सरकारी तिजोरी भरतो शेतकरी, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, म्हणून आधी प्राथमिक शिक्षण खेड्यापर्यंत न्या. मी बी.एड.ला हे पाच मार्कांच्या टिपेसाठी पाठ केलेलं. पाठ केलेलं आणि वाचलेलं ह्यात फरक असतो.

मग माझ्या गाईड मॅडमनी मला पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवलं. ‘आधी गोव्यात शाळा कोणाला मिळाली ते बघून ये,’ म्हणाल्या. तिथल्या थंडगार एसीत शाल घेऊन बसून मी जुने मराठी पेपर चाळले. पोर्तुगीज काळात सरकारी शाळा पोर्तुगीज, पणजीचं लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज हायस्कूल, १८५४ पासूनचं पण तिथपर्यंत पोचणार कोण. हिंदूंमध्ये ज्याला परवडायचं तो घरी मास्तर ठेवून मराठी शिकवायचा. आमच्या गावात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, ओसरीवर असा मास्तर होता म्हणे आणि माझे आजोबा, त्यांचे मुंडकार, म्हणजे त्यांच्याच जमिनीत घर करून राहणारे, अंगण सारवायला जायचे तेव्हा बाराखडी ऐकायचे. अंगठाच उठवायचे ते शेवटपर्यंत, पण बाराखडी तोंडपाठ. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझे बाबा त्या शाळेत गेले. देवळाच्या मंडपात भरायची. आमच्या घराण्यात पहिली सही बाबांची.

म्हणून मराठी शाळा म्हटलं की माझ्या पोटात काहीतरी होतं. घरी आम्ही कोंकणीच बोलतो, पण वाचणं, लिहिणं, रडणं आणि पूजेची यादी मराठीत. माझा सगळा अभ्यास मनातल्या मनात एवढ्यासाठीच चालला होता की मराठी शाळा कशा वाचवायच्या ते सिद्ध करावं. मॅडमनी ते पहिल्याच महिन्यात ओळखलं. म्हणाल्या, ‘तुला उत्तर माहीत असेल तर पाच वर्षं कशाला घालवतेस, लेख लिही आणि मोकळी हो.’

गोव्यात ह्या विषयाला हात लावणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. १९९० ला शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की अनुदान फक्त मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांना, २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान द्यायचा निर्णय झाला, आणि त्यावरून जे मोर्चे निघाले, जो नवा पक्ष निघाला, ते अजून धुमसतंय. दोन्ही बाजूची भाषणं मी वाचली, ढीगभर. त्यात संस्कृती आहे, अस्मिता आहे, पालकांचा हक्क आहे, फक्त २४ आंब्यातले ९ वाटल्यावर कोरी जागा सोडणारं पोर कुठे नाही. आणि एक कडू बोलते, भाषण करणाऱ्यांची मुलं कुठे शिकतात हे कोणीच कोणाला विचारत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे महागात पडलंय.)

फील्डवर्क धारबांदोडा आणि सांगे तालुक्यात केलं. ३१ घरं. गावडा, वेळीप आणि काही धनगर वस्त्या. गावडा, कुणबी, वेळीप ह्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, धनगरांची मागणी अजून पडूनच आहे, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन घरांत एकाच वर्गातली दोन मुलं, एकाला स्कॉलरशिप, एकाला नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या आयांना मला समजवायला लागायचं, मी कोण समजवणार. शिवाय हा सगळा खाणपट्टा. २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत २०१८ ला. दारात गंजलेला ट्रक असलेल्या एका घरात बाप म्हणाला, मोठ्याला इंग्लिश प्रायमरीत घातलेला, ट्रक थांबला तसा धाकट्याला सरकारीत घातला. एकाच आईबापाची दोन मुलं. तो बाप दोघांमधला फरक असा सांगत होता की माझ्या चॅप्टरचं अर्धं विश्लेषण त्यानेच करून दिलं.

संमतीपत्र ही एक वेगळीच गोष्ट. एथिक्सप्रमाणे लहान मुलांशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती पाहिजे, बरोबरच आहे ते. मी दोन पानी फॉर्म इंग्रजीतून कोंकणीत करून नेला, खूश होऊन. पहिल्या घरात त्या बाईने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, ‘बाय, घराच्या कागदांचें कितें ना मगो?’ म्हणजे घराच्या कागदांचं काही नाही ना. ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या सही केली की काहीतरी जातं एवढंच बघितलंय त्यांच्यापुढे मी ‘तुम्ही कधीही माघार घेऊ शकता’ असं छापून नेलेलं. शेवटी मॅडमनी मार्ग काढला, कागद वाचून दाखवायचा आणि होकार रेकॉर्ड करायचा, आणि त्यासाठी परत कमिटीची परवानगी, परत दीड महिना.

जुलैत रेकॉर्डिंग करू नका, एवढा एक सल्ला फुकट देते. पत्र्याच्या घरात बसून केलेली दोन इंटरव्ह्यू घरी येऊन ऐकली तर नुसता पाऊस, तासभर पाऊस, मध्येच माझाच आवाज ‘हां, हां, बरोबर’. काय बरोबर ते देवाला माहीत. आणि एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा-सात तास लागायचे. फोनवरचं बोलून टायपिंग त्यांची कोंकणी मराठी समजून भलतंच काहीतरी लिहायचं. रात्री भांडी आवरून, लेक झोपली की हेडफोन लावून बसायचे, नवरा म्हणायचा तू झोपेत पण ‘मागीर कितें जालें’ (मग काय झालं) विचारतेस.

आता मुख्य सांगायचं ते इथे आहे. मुलाखत कोंकणीत, माझ्या टिपा मराठीत, थीसिस इंग्रजीत. तीन पायऱ्या, त्या पाचवीच्या पोरासारख्याच. उतरवलेल्या मुलाखतींना कोड द्यायचे असतात, म्हणजे प्रत्येक वाक्याच्या बाजूला ते कशाबद्दल आहे ते लिहायचं. सांग्याची एक आई होती, तिला मी विचारलं शाळेच्या मीटिंगला का जात नाही. ती म्हणाली, ‘थंय वचपाक लज दिसता. टीचर इंग्लिशींत उलयता, म्हाका कितेंच समजना, मागीर भुरगो म्हज्या तोंडाक पळयता.’ (तिथे जायला लाज वाटते. टीचर इंग्रजीत बोलते, मला काहीच कळत नाही, मग मुलगा माझ्या तोंडाकडे बघतो.) मी बाजूला कोड लिहिला, पॅरेंटल डिसइंटरेस्ट. पालकांची उदासीनता. लिहिलं आणि पुढे गेले, हात थांबलासुद्धा नाही. मॅडमनी त्याला पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, ‘हे तिचं वाक्य आहे की तुझं?’

मी घरी येऊन माझ्या शाळेतल्या जुन्या मीटिंगचे रिपोर्ट काढले. चार वर्षांचे, माझ्याच अक्षरात. ‘पालक उदासीन’, ‘पालक उदासीन’, ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’. त्यांना शाळेतून पाठवायच्या नोटिसा इंग्रजीत, त्यातल्या निम्म्या मीच टाइप केलेल्या. ती बाई म्हणते लाज वाटते, मुलगा माझ्या तोंडाकडे बघतो. त्या एका वाक्यात मुलगा कुठे बसलाय, आई कुठे बसलीय, तो का बघतोय, सगळं होतं आणि मी त्याचं उदासीन केलं. मग सगळी ३१ घरं पहिल्यापासून परत कोड केली. आठ महिने गेले. आरएसी, म्हणजे संशोधनाची प्रगती तपासणारी समिती, दर सहा महिन्यांनी बसते, त्या वेळी माझी प्रगती कागदावर शून्य दिसत होती, एका सभासदांनी विचारलं पण, ‘मागच्या वेळी तर हे झालं होतं ना?’ झालं होतं, हो.

‘लज’ इंग्रजीत काय लिहायचं ह्यावर मॅडमची आणि माझी दोनदा भांडणं झाली. शेम म्हटलं तर काहीतरी चुकीचं केल्यासारखं वाटतं, शायनेस म्हटलं तर स्वभाव होतो. शेवटी ‘लज’च ठेवला, तळटीप देऊन.

आणि ते महागात पडलेलं वाक्य. शेवटच्या पाच घरांतलं एक, धारबांदोड्याच्या बाजूला. इंटरव्ह्यू छान चाललेली, चहा झालेला, तिला सगळं इंग्लिश मिडियममध्ये का पाहिजे ते ती मुद्देसूद सांगत होती आणि मी माझ्याही नकळत मराठी शाळेची बाजू घेऊन बोलायला लागले, जे रिसर्चरने करायचं नसतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुजें भुरगें खंयच्या मिडियमांत, बाय?’

माझी मुलगी इंग्लिश मिडियमला आहे. बालवाडीपासून. कारणं आहेत, शाळा जवळ आहे, नवऱ्याची इच्छा, पुढे जड जाऊ नये, अगदी तीच कारणं जी ती बाई मगापासून सांगत होती. मी सांगितलं शेवटी. ती काही बोलली नाही, आणखी एक बिस्किट पुढे केलं.

पण रेकॉर्डर चालू होता. त्यामुळे ते उतरवायलाही मलाच लागलं. नियम असा की थांबा असेल तर सेकंद मोजून कंसात लिहायचे. मी तीनदा मोजले. प्रश्न आणि माझं उत्तर ह्यांच्यामध्ये ११ सेकंद शांतता, मागे कोंबडा, आणि कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. आता तो चॅप्टर मॅडमकडे आहे. त्यांनी विचारलंय ह्या ११ सेकंदांना कोणता कोड देणार. मी अजून दिलेला नाही, एक्सेलमध्ये तेवढा एकच रकाना पिवळा आहे.

बाकी स्थिती अशी की सहा वर्षांच्या मुदतीतलं पाचवं चालू आहे. बायकांना वाढीव मुदत मिळते पण घ्यायची नाही असं ठरवलंय, बघू. मेथडॉलॉजीचा चॅप्टर झाला, प्लेजिअरिझम चेकला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचललाय का त्या तपासणीला, नियमाप्रमाणे १० टक्क्यांच्या आत पाहिजे ते एकदा जास्त आलं कारण मशीनने माझ्याच पेपरमधलं माझंच वाक्य चोरलेलं म्हणून दाखवलं. सासूबाई विचारतात पगार कधी वाढणार. ‘लेफ्ट’वाला मुलगा आता वरच्या वर्गात आहे, फुटबॉल खेळतो, मला बघितलं की डावा हात वर करून सलाम करतो. बदमाश आहे.

सांग्याच्या त्या आईचा मुलगा पण हायस्कूलात आहे. शाळेचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज ती मला पुढे पाठवते, इंग्रजी, मी फोन करून कोंकणीत सांगते. गेल्या आठवड्यात ओपन हाऊसचा, म्हणजे पालकांनी शाळेत येऊन टीचरना भेटायचा, आला. मी म्हटलं शनिवारी मला सुट्टी आहे, सोबत येते. तर म्हणाली नाका गो, तूं फकत टायम सांग.

दहा वाजता, म्हटलं.